सातमाशी बाळाचे बाळसे



आपल्याकडे एक जुनी समजूत आहे. सातमाशी लेकरू जगते, आठमाशी जगत नाही. जुन्या बाया हे इतक्या खात्रीने सांगतात की आठव्या महिन्यात पोरगी बाळंत झाली तर घरात बाळ रडले तरी कुणी हसत नाही. ही समजूत साफ चुकीची आहे. आईच्या पोटात जितके आठवडे जास्त भरतील, तितके बाळ बळकट. सातमाशी बाळाला धोका जास्त, आठमाशीला त्याहून कमी, आणि पूर्ण दिवसांच्या बाळाला सर्वांत कमी. हिशेब इतका सरळ आहे.

पूर्वी खेड्यात दीड-पावणेदोन किलोचे बाळ जन्मले की घरचे लोक देवावर हवाला ठेवत. आज तसे राहिलेले नाही. बीडच्या जिल्हा रुग्णालयात, अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात अशी बाळे उबेच्या पेटीत ठेवून, नळीने दूध देऊन सांभाळली जातात. त्यांतली बरीचशी हसतखेळत घरी येतात. म्हणून आता प्रश्नही बदलला आहे. बाळ जगेल का, एवढेच विचारून भागत नाही. जगलेले हे बाळ वाढणार कसे, पाच वर्षांचे, पंधरा वर्षांचे, तीस वर्षांचे होईल तेव्हा त्याचे अंग कसे असेल, हे विचारायला हवे.

बाळ घरी आले की आजीचा पहिला हुकूम सुटतो, "याला आता चांगले गुटगुटीत करा!" मग दूध पाजून पाजून, वर पावडर, वर बिस्किट असा मारा सुरू होतो. हेतू चांगला आहे, माया खरी आहे. पण लहान जन्मलेल्या बाळाला नुसते जाड करणे आणि त्याला वाढवणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आजचा लेख एवढ्याच फरकाविषयी आहे.

दिवस कमी की वजन कमी?

आधी दोन शब्दांची फोड करू. ३७ आठवडे पूर्ण होण्याच्या आत जन्मले ते कमी दिवसांचे बाळ. जन्मतः अडीच किलोपेक्षा कमी भरले ते कमी वजनाचे बाळ. काही बाळे दिवस कमी म्हणून लहान असतात. जितके दिवस झाले, तितके त्यांचे वजन ठीकच असते. काही बाळांचे दिवस पूर्ण भरलेले असतात, पण आईच्या पोटातच त्यांना पोषण कमी पडलेले असते. आणि काही बाळे दोन्हीकडून मार खाल्लेली असतात. दिवसही कमी आणि त्या दिवसांच्या मानानेही अंग हडकुळे. तुमचे बाळ यांतले कोणते, हे दवाखान्यातून निघताना डॉक्टरांना विचारून घ्या आणि कार्डावर लिहून घ्या. पुढच्या वाढीचा अंदाज त्यावरून येतो.

पुण्याच्या दवाखान्यातली अठरा वर्षे

हा अंदाज कुणी हवेत बांधलेला नाही. पुण्याच्या रास्ता पेठेतल्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. आनंद पंडित आणि डॉ. सुधा चौधरी यांनी एक चिकाटीचे काम हाती घेतले. ऑक्टोबर १९८७ ते एप्रिल १९८९ या काळात त्यांच्या नवजात कक्षातून घरी गेलेली दोन किलोंच्या आतली बाळे त्यांनी नोंदवली आणि त्यांना पुन्हा पुन्हा बोलावून तपासत राहिले. सहाव्या वर्षी, बाराव्या वर्षी आणि अगदी अठराव्या वर्षीसुद्धा. सोबत पूर्ण दिवसांच्या, चांगल्या वजनाच्या मुलांचा एक गटही तुलनेसाठी ठेवला. आपल्या देशात इतकी वर्षे एकाच लेकरांच्या मागे राहणे सोपे नाही. लोक घरे बदलतात, गावे बदलतात, आणि लेकरू बरे दिसले की दवाखान्याची पायरी विसरतात.

या कामातून दोन गोष्टी कळल्या. पहिली धीराची. सहाव्या वर्षी या मुलांचा बुद्ध्यांक सरासरी ९४.३ भरला. तुलनेच्या मुलांचा १०१.३ होता. म्हणजे थोडा कमी खरा, पण सर्वसाधारण मुलांच्या मर्यादेतला. लहान जन्मलेले लेकरू म्हणजे मतिमंद, असे मानून त्याला शाळेत मागे बसवू नका. दुसरी गोष्ट सावध करणारी. दिवसही कमी आणि दिवसांच्या मानाने वजनही कमी अशी जी बाळे होती, ती अठरा वर्षांची झाली तरी उंचीने मागेच राहिली. त्यांच्या डोक्याचा घेरही लहान राहिला. पोटातच जे राहून जाते, ते नंतर पुरतेपणी भरून निघत नाही. म्हणून बाळ आल्यावर धावाधाव करण्यापेक्षा बाळ पोटात असताना आईची काळजी घेणे स्वस्त पडते. त्याकडे शेवटी येऊच.

वजन भरले, पण कशाने?

आता फरकाची गोष्ट. कपाशीला युरिया जास्त पडला की काय होते, हे तुम्हांला सांगायला नको. झाड माजते. हिरवेगार, कमरेच्या वर. बांधावरून जाणारा म्हणतो, वा, काय पीक आहे! पण वेचणीला गेले की बोंडे मोजकीच. पानांचा पसारा वाढला, कापूस वाढला नाही.

बाळाच्या अंगाचेही तसेच असते. अंग म्हणजे हाडे, मांस म्हणजे स्नायू, काळीज, यकृत, मूत्रपिंडे, आणि चरबी. काट्यावर दोन लेकरे सारखीच आठ-आठ किलो भरतील. एकाचे वजन हाडामांसाने भरलेले असेल, दुसऱ्याचे चरबीने. काटा दोघांनाही एकच आकडा दाखवतो. त्याला आतले कळत नाही.

पुण्याचेच डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या बायांचा अभ्यास सुरू केला. त्या बाया तुमच्यासारख्याच शेतकरी घरांतल्या, सरासरी ४२ किलो वजनाच्या. त्यांच्या पूर्ण दिवसांच्या बाळांची तुलना इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन गावच्या बाळांशी केली. तिकडची बाळे सरासरी साडेतीन किलोची, आपली २.७ किलोची. हे अपेक्षितच होते. नवल पुढेच आहे. आपल्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव पुष्कळ कमी भरले, पण पाठीवरची, खांद्याच्या फऱ्याखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. दिसायला बारीक, पण आतून चरबीचे प्रमाण जास्त. म्हणजे हडकुळे बाळ पाहून आपण समजतो की याच्या अंगात काहीच नाही, त्याच्या अंगात चरबी असते. कमतरता असते ती मांसाची.

ही झाली पूर्ण दिवसांची बाळे. कमी दिवसांच्या बाळांचेही निरनिराळ्या देशांत मोजमाप झाले आहे. अशी बाळे त्यांच्या ठरल्या तारखेला पोचतात, म्हणजे ज्या दिवशी ती जन्मायची होती तो दिवस येतो, तेव्हा ती पूर्ण दिवसांच्या बाळांपेक्षा वजनाने कमी आणि लांबीने कमी असतात. पण त्यांच्या अंगात चरबीचा वाटा जास्त आणि मांसाचा वाटा कमी आढळतो. कारण उघड आहे. पोटातल्या शेवटच्या तीन महिन्यांत आईच्या रक्तातून बाळाला मांस आणि हाडे बांधायचा माल सतत मिळत असतो. बाहेर आल्यावर तोच माल इवल्या पोटातून पचवून घ्यायचा असतो. तो कमी पडतो.

यात बिघडले काय, असे कुणी विचारील. बिघडते ते पुढे. आपण खातो त्यातली साखर मुख्यतः स्नायू वापरतात. स्नायू कमी आणि पोटाभोवती चरबी जास्त असली की साखर रक्तात साठू लागते. के.ई.एम. रुग्णालयात जन्मलेली ४७७ मुले आठ वर्षांची झाल्यावर तपासली, त्याचा अहवाल १९९९ साली प्रसिद्ध झाला. जन्मतः वजन कमी आणि आठव्या वर्षी अंगावर चरबी जास्त, अशा मुलांत मधुमेहाकडे नेणारी लक्षणे सर्वांत जास्त आढळली. दिल्लीत १९६९ ते १९७२ या काळात जन्मलेल्या मुलांचाही असाच माग ठेवला गेला. ती २६ ते ३२ वर्षांची झाल्यावर त्यांतल्या १४९२ जणांची तपासणी केली. ज्यांना ऐन तरुणपणी मधुमेह झाला होता किंवा होण्याच्या बेतात होता, ती माणसे पहिल्या दोन वर्षांत बारीक होती आणि त्यानंतर मात्र भराभर अंगाने भरत गेली होती. आणखी एक ध्यानात घ्या. बाराव्या वर्षी ती लठ्ठ म्हणावी अशी नव्हती. फक्त स्वतःच्या लहानपणाच्या मानाने भराभर भरली होती.

याचा अर्थ बाळाला अर्धपोटी ठेवा, असा अजिबात नाही. उलट सांगायचे आहे. पहिल्या दोन वर्षांत हाडामांसाने वाढू द्या, त्यात कसूर नको. आणि दोन वर्षांनंतर नुसत्या चरबीने फुगू देऊ नका.

वय कसे मोजावे

मिरचीचे रोप वाफ्यातून काढून शेतात लावले, तर तुम्ही त्याचे वय लावणीपासून मोजता की बी टाकल्यापासून? एक रोप ३० दिवसांनी लावले आणि एक ४० दिवसांनी, तर लावणीनंतर महिन्याने दोन्ही सारखी दिसावीत असा हट्ट कुणी धरणार नाही. पण लेकराच्या बाबतीत आपण हाच हट्ट धरतो. "शेजारणीचे सहा महिन्यांचे पोर बसते, आमचे अजून मान सावरतेय," म्हणून सासू हळहळते आणि सुनेला बोल लागतो.

हिशेब असा करा. पूर्ण दिवस म्हणजे ४० आठवडे. बाळ ३२ आठवड्यांचे असताना जन्मले, तर ते आठ आठवडे, म्हणजे सुमारे दोन महिने आधी आले. ते सहा महिन्यांचे झाले की त्याला चार महिन्यांचे धरा. याला डॉक्टर दुरुस्त वय म्हणतात. वजन, लांबी, बसणे, रांगणे, बोलणे, सगळे या वयाने पाहा. हा हिशेब दोन वर्षांपर्यंत ठेवायचा.

एक गोष्ट मात्र याला अपवाद आहे. लशी. लस जन्मतारखेप्रमाणेच द्यायची. त्यात महिने वजा करून उशीर करू नका.

पहिले महिने : आईच्या छातीशी

१९७८ साली दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबिया देशात, बोगोटा शहरी, डॉ. एडगर रे यांच्या दवाखान्यात उबेच्या पेट्या पुरेनात. तेव्हा त्यांनी कमी दिवसांची बाळे आईच्या उघड्या छातीवर, अंगाला अंग लावून बांधून ठेवायला सुरुवात केली. कांगारू नावाचा प्राणी पिलाला पोटाच्या पिशवीत ठेवतो, त्यावरून या पद्धतीला कांगारू मातृसेवा असे नाव पडले. गरजेपोटी निघालेली ही युक्ती इतकी गुणकारी ठरली की २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले, लहान बाळांना जन्मानंतर लगेच हीच सेवा सुरू करा आणि दिवसाचे आठ तास ते शक्य तितका जास्त वेळ द्या. बाळाला ऊब मिळते, आजार कमी होतात, दूध चांगले उतरते. आणि ऊब टिकवण्यात बाळाची जी ताकद खर्च झाली असती, ती वाढीला लागते. याला पैसा लागत नाही. बाळाला लंगोट, टोपरे आणि पायमोजे घालून उभे छातीशी धरा आणि वरून मऊ लुगड्याने बांधा. आई दमली की आजीने धरावे, बापानेही धरावे. बापाच्या छातीची ऊब काही वेगळी नसते.

दूध फक्त आईचे. ओढता येत नसेल तर स्वच्छ वाटीत पिळून वाटी-चमच्याने पाजा, बाटली नको. मध नको, बाळगुटी नको, वरचे पाणी नको, गाईचे दूध नको. शेगडीची धुरीही नको, इवल्या छातीला धूर सोसत नाही. दूध अंगी लागते की नाही, हे वजनावरून कळते. पूर्ण दिवसांच्या वयाला पोचलेल्या बाळाचे वजन पहिल्या महिन्यांत दिवसाला साधारण २० ते ३० ग्रॅम वाढावे.

कमी दिवसांच्या बाळाच्या अंगात लोहाचा साठाही अपुरा असतो, कारण तो शेवटच्या महिन्यांत भरायचा असतो. डॉक्टरांनी लोहाचे आणि ड जीवनसत्त्वाचे थेंब दिले असतील तर ते "बाळ बरे आहे, कशाला" म्हणून बंद करू नका. आणि ३४ आठवड्यांच्या आतले किंवा दोन किलोंच्या आतले बाळ असेल, तर महिन्याच्या आत त्याच्या डोळ्यांच्या पडद्याची तपासणी डॉक्टरांना विचारून करून घ्या. ती वेळ चुकली तर गेलेली दृष्टी परत मिळत नाही.

आशाताई दारात आली की तिला आत घ्या. तिच्या त्या फेऱ्यांमागे आपल्याच महाराष्ट्राचे काम आहे. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५ ते १९९८ या काळात ३९ गावांतल्या बायांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली, तेव्हा त्या गावांतले नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. त्याच धर्तीवर २०११ पासून देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊ लागल्या. ती बाळाचे वजन करते, अंग गार आहे का पाहते. बाळ दूध सोडते, सुस्त पडते, गार लागते, धापा टाकते, यांपैकी काहीही दिसले तर तिची वाट पाहत न बसता १०८ ला फोन लावा.

दोन वर्षांपर्यंत : लांबी वाढू द्या

दुरुस्त वयाचे साधारण सहा महिने झाले की, डॉक्टरांना विचारून, वरचे अन्न सुरू करायचे. इथेच हाडामांसाची की चरबीची वाढ, हे ठरू लागते. चहात बुडवलेले बिस्किट, साखरपाणी, साबुदाण्याची पातळ खीर, पाच रुपयांचे खारे पाकीट यांनी पोट भरते, वजनही थोडे वाढते, पण मांस बनत नाही. मांस बनते ते डाळ, अंडे, दूध, दही, शेंगदाणे, हरभरा, मासळी यांनी.

आपल्या घरात काय नाही? तुरीचे घट्ट वरण, त्यात ज्वारीची भाकरी कुस्करून मऊ केलेली, वर चमचाभर तूप किंवा तेल. मुगाच्या डाळीचे खिमट. शेंगदाण्याचे बारीक कूट घालून शिजवलेली पालेभाजी. परसात कोंबडी असेल तर अंडे विकू नका. उकडून, कुस्करून लेकराला द्या. वरणाचे नुसते पाणी देऊ नका. पाण्यात काही नसते, जे आहे ते तळाशी असते. थोडे थोडे, दिवसातून चार-पाच वेळा द्या, आणि अंगावरचे दूधही दोन वर्षांपर्यंत चालू राहू द्या.

आणि नुसत्या वजनावर भागवू नका. अंगणवाडीत जाल तेव्हा ताईला म्हणा, "वजन केले, आता लांबीही मोजा." लांबी मोजायची फळी तिथे असते. वजन आणि लांबी दोन्ही हातात हात घालून वाढत असतील, तर बाळाची वाढ हाडामांसाची आहे. वजन वर चढले आणि लांबी तिथेच राहिली, तर पीक माजतेय असे समजा आणि ताटातला पदार्थ बदला. दोन्ही थांबली तर दवाखाना गाठा. सहा महिन्यांवरच्या लेकराच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर ते तीव्र कुपोषण आहे. त्यात एक दिवसही घालवू नये.

दोन वर्षांनंतर

लेकरू चालू-पळू लागले की आता त्याला खेळू द्या. झाडावर चढू द्या, विहिरीपासून लांब ठेवा पण शेतात पळू द्या. स्नायू धावण्याने बांधले जातात, मोबाइल घेऊन बसण्याने नाही. पूर्वी गावोगावी सुदृढ बालक स्पर्धा भरत आणि सर्वांत गुटगुटीत बाळाच्या आईला बक्षीस मिळे. त्या काळी उपासमारच मोठी होती, म्हणून तेव्हा ते शोभले. आज लहान जन्मलेले लेकरू पाच-सहा वर्षांचे झाल्यावर एकदम गोल होऊ लागले, तर त्याचे कौतुक करू नका. सडसडीत, काटक, उंचीला चढते लेकरू हेच खरे सुदृढ. शाळेत तपासणीला डॉक्टर येतात, तेव्हा "हा सातमाशी आहे" हे सांगा. मोठेपणीही त्याने वर्षातून एकदा रक्तदाब आणि साखर पाहत जावी. जन्माच्या वेळचे वजन लिहिलेला कागद जमिनीच्या उताऱ्यासारखा जपून ठेवा.

कोयत्याच्या घरात

हे सगळे वाचून कुणी म्हणेल, गावात बसून सांगणे सोपे आहे. खरे आहे. आपल्या बीड जिल्ह्यातली हजारो घरे दसरा-दिवाळी झाली की टोळीबरोबर पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल दोघांच्या नावावर. पहाटे फडात, दिवसभर मोळ्या, रात्री कोपीत. पोटुशी बाई घरी राहिली तर उचल फिटायची कशी, हा प्रश्न खोटा नाही.

पण त्याच सहा खेड्यांच्या अभ्यासात दिसले ते ऐका. पाणी वाहणे, शेतातले कष्ट, धुणे धुणे अशी कामे दिवस गेल्यावरही जिला जास्त होती, तिचे बाळ सरासरीने लहान निघाले. आणि हिरव्या पालेभाज्या, फळे, दूध जिच्या खाण्यात वरचेवर होते, तिचे बाळ मोठे निघाले. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणारी बाई त्या बायांपेक्षा जास्तच कष्ट करते. म्हणून कोयत्यावर जाणाऱ्या दादांना सांगणे आहे. शेवटच्या तीन महिन्यांत तिला घरी ठेवता आले तर ठेवा. नाहीच जमले, तर मोळी वाहणे आणि गाडी भरणे तिच्याकडून काढून घ्या. टोळीतल्या चार जणांनी ठरवले तर एवढे जमते. एका हंगामाची उचल पुढच्या हंगामात फिटेल. लेकराची पोटात राहिलेली उंची मात्र पुढे पुरती भरून येत नाही.

बाळ लहान असेल तर पहिले सहा महिने आई आणि बाळाची ताटातूट करू नका. आजीकडे बाळ ठेवून आई फडात गेली की अंगावरचे दूध तुटते आणि वाढ तिथेच अडते. सोबत नेले असेल तर कामावर जाण्यापूर्वी दूध पिळून स्वच्छ, झाकणाच्या भांड्यात सावलीच्या थंड जागी ठेवा. चार तासांपर्यंत ते वाटी-चमच्याने पाजता येते. बाळाचे कार्ड ट्रंकेत ठेवून जाऊ नका. प्लास्टिकच्या पिशवीत घालून सोबत न्या. जाल तिथल्या अंगणवाडीत नाव सांगा, वजन करा, लस घ्या. सहा महिने कार्ड कोरे राहिले तर वाढ कुठे थांबली, ते परतल्यावर कुणालाच कळत नाही.

लेकीपासून सुरुवात

शेवटची गोष्ट आजच्या बाळाची नाही, उद्याच्या बाळाची आहे. मुंबईतल्या वस्त्यांमधल्या बायांना पालेभाजी, फळ आणि दूध घालून केलेला खाऊ रोज देऊन पाहिला होता. त्याचे निष्कर्ष २०१४ साली छापून आले. सगळ्या बायांच्या बाळांत फरक पडला नाही. ज्यांनी दिवस राहण्याच्या तीन महिन्यांहून आधीपासून तो खाऊ खाल्ला होता, त्यांची बाळे सरासरी ४८ ग्रॅमने जड निघाली. आकडा लहान आहे, पण धडा मोठा आहे. पेरणी झाल्यावर नांगरट करून उपयोग नसतो. आईचे अंग आधी तयार असावे लागते.

आणि आपण काय करतो? २०१९ ते २०२१ या काळात राष्ट्रीय कौटुंबिक आरोग्य पाहणी झाली. त्यात बीड जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या दर शंभर बायांपैकी चाळीसहून अधिक जणींचे लग्न अठरा वर्षांच्या आत झालेले आढळले. जिचे स्वतःचे हाड अजून वाढते आहे, तिच्या पोटात दुसरे हाड वाढायचे आहे. दोघींना एकाच भाकरीत भागवायचे. मग बाळ दिवसाआधी येते, लहान येते. ती मुलगी असली तर तीही खुजी, अशक्त वाढते, तिचेही लग्न लवकर होते आणि पुन्हा तोच फेरा सुरू होतो.

म्हणून सासूबाईंना आणि वडीलधाऱ्यांना हात जोडून सांगणे आहे. लेकीला अठरा पूर्ण होऊ द्या. भावाच्या ताटात अंडे पडते तेव्हा तिच्याही ताटात पडू द्या. बांधावरची कोवळी करडई, घोळ, परसातला शेवग्याचा पाला, बालाघाटातली सीताफळे आणि बोरे यांचा वाटा तिलाही द्या. सून घरात आली की सगळ्यांचे जेवण झाल्यावर उरलेले तिने खायचे, ही रीत मोडा. तिला सगळ्यांबरोबर, पोटभर वाढा.

ज्यांच्या घरी सातमाशी किंवा कमी वजनाचे लेकरू आहे, त्यांनी एवढे करा. आज त्याचे कार्ड काढा. जन्माचा आठवडा आणि जन्माचे वजन लिहिले आहे का पाहा. दुरुस्त वय काढून बाजूला लिहा. आणि पुढच्या वेळी अंगणवाडीत गेलात की वजनाबरोबर लांबीही मोजून घ्या.